गंगाजळ पडलेली नळी

वहिनीला मुलगी झाली आणि दुसऱ्याच दिवशी मला ताप भरला. आता बघा, गंगेकाठी दूधविनायकाच्या गल्लीतलं आमचं घर केवढंसं! भावाने मला वरच्या खोलीत घातलं, बाहेरून कडी लावली. ताट उंबऱ्याशी ठेवून जायचा. ताप चार दिवसांत उतरला, खांसी काही जाईना. रागावणार तरी कुणावर? बाळ वीतभर. पण तिला आत्या मी एकटीच. बाराव्या दिवशी तिच्या कानात नाव कोण सांगणार? तो एकच घोर होता. खिडकीतून समोरची भिंत, पायाखाली फरशीतली जाळी, जाळीतून खालच्या चौकातली डोकी. दिवस सरता सरेना.

वहिनीची धाकटी बहीण विद्यापीठात संशोधन करायची. दहाव्या दिवशी तोंडाला रुमाल बांधून वर आली.

"ताई, विषाणू आत असला की सूज आणणारी जनुकं जागी होतात. ती निजलेली दिसली, तर आजार बहुतेक सरला."

"म्हणजे माझ्या अंगात कोण जागं नि कोण झोपलंय, ते तू मोजणार?"

"हो. पण हा आमचा अभ्यास आहे हं, डॉक्टरांचा निकाल नव्हे."

तिने नाकात काडी फिरवली, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. काडी नळीत, नळी बर्फाच्या थर्मासात. जाता जाता बाळाला बघायला थांबली आणि थर्मास ठेवला देवघराच्या कट्ट्यावर! आईने विचारलं, आत काय? कळल्यावर ती हबकलीच. नाकातला शेंबूड देवापाशी! पोरीची पाठ वळताच तिने नळीचं बूच काढलं आणि पळीभर गंगाजळ आत ओतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पोर चौकातून वर बघत म्हणाली, "ताई, नळीत नुसतं पाणी. काहीच कळलं नाही. आता उद्यापर्यंत पुन्हा करणं होणार नाही."

बारशाच्या दिवशी आईनेच कडी काढली. "गंगामाईचं पाणी पडलंय, आता कसला रोग? पदर धर तोंडावर नि चल."

याच कडीसाठी मी इतके दिवस दार बडवलं होतं. उठले, आणि उंबऱ्यातच खांसीची उबळ आली. जनुकं जागी की निजलेली, कुणाला ठाऊक? मी दार लोटलं आणि आतून कडी घातली.

"अगं, खुळी का तू? पाळणा खोळंबलाय!"

"मावशीला सांगायला लावा नाव."

"मावशी कधी नाव सांगते का? लोक हसतील!"

"हसू देत."

आई पुटपुटत खाली गेली. कानात नाव सांगताना बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. त्या दिवशी ते मावशीच्या पाठीत पडले. "कुर्र्र" ऐकू आलं, मग हसणं, मग बाळाचं रडणं. मी फरशीवर पालथी पडून ऐकत होते. माझी पाठ मोकळीच राहिली.