गोधडीखालची पाटी

प्रदर्शनाच्या हॉलबाहेर स्कूटर लावली, पण हेल्मेट काढायला हातच उचलवेना. बायको म्हणाली, "अहो, आत हेल्मेट घालून जाणार का?" तिला हसू येत होतं, मला घाम फुटला होता. आत भिंतीवर माझी गोधडी टांगलेली होती आणि तिच्याखाली पाटीवर माझं पूर्ण नाव होतं.

आई घोटीजवळच्या गावाहून आमच्याकडे इंदिरानगरला राहायला आली, तेव्हा तिची एक गोधडी अर्धी शिवून झाली होती. मग अर्धांगवायूनं तिचा उजवा हात गेला. ती पलंगावरून सांगायची, मी दार लावून घेऊन शिवायचो. ती गेल्यावरही मी शिवत राहिलो. त्यातली एक गच्चीवर वाळत असताना शेजारच्या चित्रकलेच्या बाईंनी पाहिली. बायकांचं काम, पुरुषांचं काम ही वाटणी न मानणाऱ्या कारागिरांचं प्रदर्शन त्या भरवत होत्या. मी हो कसं म्हणालो, मलाच माहीत नाही.

आत एका बाईनं भट्टीवर घडवलेले कोयते होते, एका ट्रक ड्रायव्हरनं विणलेली बाळाची टोपडी होती. मी काहीच धड पाहिलं नाही. कुणी आलं की दाराकडे मान वळायची. शेवटी व्हायचं तेच झालं. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी बायकोला घेऊन आत आला आणि नेमका माझ्या गोधडीपुढे थांबला.

"अरे, हे तुझंच नाव ना?"

मी बायकोकडे बोट दाखवलं. "हो, म्हणजे... शिवली हिनं. नाव चुकून माझं लागलंय."

त्याची बायको लगेच माझ्या बायकोकडे वळली. "किती बारीक टाका हो! कोपऱ्यावर दोरा कसा वळवता? माझ्या तिथे चुण्या पडतात."

बायकोनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "मला साधं बटण लावता येत नाही," ती म्हणाली. "यांना विचारा."

पळून जावंसं वाटलं. पण ती बाई खरंच उत्तराची वाट पाहत होती. "कोपरा यायच्या आधीच कापड ताणून धरायचं," मी म्हणालो. सहकारी मोठ्यानं हसला आणि मोबाइल काढून त्यानं माझा फोटो घेतला.

परतताना बायको म्हणाली, "तुम्ही शिवता याची मला कधी लाज वाटली नाही. माझ्यावर ढकललंत ना, त्याची वाटली."

सोमवारी पोहोचायच्या आतच फोटो ऑफिसभर फिरला होता. "या, गोधडीवाले!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले, मीही हसलो.

"तूच शिवलीस?" साहेबांनी विचारलं.

"हो, मीच."

'गोधडीवाले' हे नाव अजून चिकटून आहे. कुणी हाक मारली की आजही आधी आजूबाजूला कोण आहे ते पाहतो, मग मी ओ देतो.