मायसाठी काढलेला बेडूक

मायला ऐकू येणं हळूहळू बंद झालं. आधी कुकरच्या शिट्ट्या गेल्या, मग दाराची कडी, मग आम्ही. शिबिरात मिळालेलं कानातलं यंत्र तिनं काही दिवस लावून पाहिलं. त्यातून माणसांपेक्षा पंख्याचाच आवाज जास्त यायचा. एक दिवस ते काढून तिनं डबीत ठेवलं आणि म्हणाली, "कानात भुंगा पोसून काय करू?"

तेव्हा मी साकोलीला एका फ्लेक्सच्या दुकानात कामाला होते. सानगडीहून सकाळच्या एसटीनं जायचं, दिवसभर कॉम्प्युटरवर वाढदिवसांचे आणि निवडीबद्दल हार्दिक अभिनंदनाचे फ्लेक्स करायचे, संध्याकाळी परत. बाबा धानाच्या बांधीत, भाऊ पुण्याला कंपनीत. घरी उरायची माय, आणि आता तिच्याशी बोलायचं कसं हे कुणालाच कळत नव्हतं.

मायला आयुष्यात एकच वेड होतं, नाटकाचं. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाळणे, जिलेबी, आणि रात्री नाटक. त्या नाटकांत विनोदी कामं करणारी एक बाई होती. कधी भांडखोर सासू, कधी गावची चुगलखोर, कधी लग्नं जमवणारी. माय तिची भक्तच होती. ती बाई ज्या गावात, त्या गावात माय. मग कुणाचा ट्रॅक्टर मिळो की कुणाची मोटारसायकल. आम्हाला रागवायचीसुद्धा त्या बाईच्या आवाजात.

कान पुरते गेले त्या वर्षी मंडई आली आणि माय जागची हलली नाही. मी हातानं खुणावलं, चल ना. ती म्हणाली, "मुकं नाटक पाहू काय? लोकं हासतीन अन् मी त्यायच्या तोंडाकडं पाहत बसू?"

मी मावशीसोबत गेले. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी ओसरीवर माय सुपात तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "काय केलं वो काल तिनं?"

मी सांगायला लागले. इतक्या मोठ्यानं, की पलीकडच्या काकू बाहेर येऊन ऐकू लागल्या. माय मात्र तशीच माझ्या ओठांकडे पाहत राहिली. शेवटी मी आत गेले. दुकानातून आणलेल्या, नाव चुकल्यामुळे वाया गेलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी काढायला बसले. त्या बाईची एक सवय होती. टाळी घेणारं वाक्य टाकण्याआधी ती दोन्ही गाल फुगवून क्षणभर थांबायची. मला ते काढता येईना. माणसाचे गाल किती फुगवणार? म्हणून मी बेडूक काढला. नऊवारी नेसलेला, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलेला, कंबरेवर हात ठेवून उभा. समोर तिचा जावई, लांब मान खाली घातलेला बगळा.

मायनं कागद हातात घेतला. सूप बाजूला सरकवलं. आणि हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग गाल फुगवून म्हणाली, "आता असं म्हनली असंल, जावईबापू, मासोळी धरता येत नाई अन् माही पोरगी धरून बसला!"

शब्द थोडे वेगळे होते, पण वाक्य तेच होतं. चित्रावरूनच तिनं ते ओळखलं होतं. मला वाटलं, दार अजून बंद झालेलं नाही. त्या आठवड्यात मी अख्खं नाटक काढलं.

शुभेच्छा-कार्डांची सुरुवात मामामुळे झाली. मामा बपेऱ्याला राहतो, पार मध्य प्रदेशच्या सीमेजवळ. दर रविवारी त्याचा फोन यायचा. माय फोन कानाला लावून म्हणायची, "मी बरी आहो, तू बरा आहेस ना?" आणि उत्तर न ऐकताच माझ्या हातात द्यायची. पुढे पुढे तिनं फोनला हात लावणंच सोडलं. मामा तिकडून विचारायचा, "माही बहीण काहून बोलत नाई मासंग?" ऐकू येत नाही हे त्याला माहीत होतं, तरी विचारायचा.

संक्रांत जवळ आली तेव्हा मी ठरवलं, मामाला शुभेच्छापत्र पाठवायचं. भंडाऱ्याच्या एका दुकानात शोधलं. एका कोपऱ्यात धूळ खात पडलेली काही कार्डं होती; कशावर बर्फ, कशावर मेणबत्त्या, सगळा मजकूर इंग्रजी. दुकानदार म्हणाला, "आता कोन घेते मॅडम? मोबाईलवर येते ना सारं." मी घरी आले आणि मायपुढे कोरा कागद ठेवला.

"त्याची म्हैस काढ," माय म्हणाली. "लई मारकी आहे." मग मी मारकी म्हैस काढली आणि स्टुलावर चढून लांब काठीच्या टोकाला तिळाचा लाडू लावून तिला देणारा बेडूक काढला. आत मायनं एकेक अक्षर जुळवत स्वतःच्या हातानं लिहिलं, गोड बोल, शिंगं मारू नको.

मामानं आयुष्यात पहिल्यांदा पोस्टात पत्र टाकलं. त्यात त्याच्या नातीनं म्हशीचं उत्तर काढून पाठवलं होतं. मायनं तो कागद देवघराशेजारी लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत सुटली.

मग मला थांबता येईना. होळीला रंगानं माखलेला बगळा, ज्याला आरशात आपलीच ओळख पटत नाही. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढत नेणारा बेडूक, आणि तो नंदी मागे वळून म्हणतोय, हळू ओढ, चाक निघालं. मालक दुकानातून गेला की मी ती चित्रं स्कॅन करायची. साकोलीच्या दवाखान्यात नर्स असलेली माझी मैत्रीण सगळी चित्रं पाहायची. तिचं घर बौद्ध. दसऱ्याच्या आधी ती म्हणाली, "आमच्यासाठी एक कर ना. धम्मचक्र दिनाचं."

मी फार जपून काढलं. कमळ, चक्र, पांढरे कपडे घातलेली माणसं, हात जोडलेले. तिनं पाहिलं आणि परत दिलं.

"चांगलं आहे. पन बेंडूक कुठं गेला?"

"मले वाटलं, तुमचा दिवस आहे, उगाच कोनाले वाईट..."

"तुमच्या सनाले हासता, आमच्या सनाले फक्त हात जोडता. आम्ही काय नागपूरले रडत जातो काय? अवो, आमची आई चार दिवस आधीपासून पोळ्या-भाजीची तयारी करते. गाडीत जागेसाठी भांडते. परत येताना पुस्तकांची पिशवी कोन धरंल म्हनून बाबासंग भांडते. ते काढ."

मी तेच काढलं. खच्चून भरलेली एसटी, पांढऱ्याशुभ्र साडीतली बेडूकआई खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतेय, आणि मागे पुस्तकांच्या पिशवीखाली वाकलेले बाबा. चक्र आणि कमळ आतल्या पानावर गेलं, नीट, मोकळ्या जागेत. मैत्रिणीच्या आईनं ते कार्ड आपल्या सगळ्या बहिणींना पाठवलं. कुणाचा सण कसा काढायचा हे त्या घरच्यांनाच विचारायचं, हे मी तेव्हापासून पाळते.

तोवर मूळची बेडूकबाई मोबाईलवरून गावोगाव फिरली होती. कुणी टाकली कळलं नाही. गाल पाहून लोकांनी ओळखलं. एक दिवस त्या नाटक मंडळाचा मॅनेजर दुकानात आला. त्यांचे पोस्टर आमच्याकडेच छापले जायचे. त्यानं मोबाईल टेबलावर ठेवला. "आमच्या कलाकाराले बेंडूक करता? टिंगल लावली काय?"

मालकानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी काढलं. टिंगल नाही. आम्ही घरचे सारे त्यायचे फॅन आहो."

"फॅन असा असते?"

तो गेल्यावर मालक म्हणाला, "हे पाय, उद्यापासून हे सारं बंद. अन् त्याले माफी लिहून दे."

मी रात्रभर विचार केला असं काही झालं नाही. मला तिथंच, खुर्चीत बसल्या बसल्या, स्वच्छ दिसलं की माफी मागायची असेल तर ज्या बाईचं चित्र आहे तिची मागेन, मॅनेजरची नाही. आणि ती म्हणाली थांब, तरच थांबेन.

पुढच्या रविवारी मायला घेऊन लाखांदूरमार्गे वडशाला गेले. सगळ्या मंडळांचा मुक्काम तिथं असतो. पिशवीत सगळी मूळ चित्रं. विचारत विचारत खोली सापडली. बाई गाऊनवरच, दारात खुर्ची टाकून बसली होती, बाजूला दोरीवर नाटकातला केसांचा टोप वाळत घातलेला. स्टेजवर एवढी मोठी दिसणारी बाई प्रत्यक्षात मायच्या खांद्याला लागेल एवढीच होती. माय दारातच थबकली आणि पदर सावरू लागली.

मी चित्र पुढे केलं. बाईनं चष्मा लावला.

"हे मी?"

"हो."

"बेंडूक?"

"डायलॉग टाकायच्या आधी तुम्ही गाल फुगवता ना. माणसाच्या चेहऱ्यात ते बसत नव्हतं."

तिनं आत पाहिलं. आत तिचा नवरा पेटी पुसत होता. "का हो, मी गाल फुगवते?"

नवरा पेटीकडेच पाहत राहिला. "तीस वर्षं झाली," तो म्हणाला, "मले वाटलं तुले मालूम असंल."

बाई हसली तशी मायही हसली, काही न ऐकता. बाईनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कानाकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, की ही सगळी चित्रं हिच्यासाठीच काढली होती, नाटक सांगायला.

बाईनं चष्मा काढून ठेवला. मग खुर्ची मागे सरकवून उठली आणि त्या अंगणात, गाऊनवर, एक शब्दही न बोलता तिनं मायसमोर सासू उभी केली. सून भांडं आपटते, सासू चमकते, दूध उतू जातं, मांजर येतं. माय आधी हसत होती, मग नुसतीच पाहत राहिली, मग तिनं पुढे होऊन बाईचे दोन्ही हात धरले.

निघताना बाईनं मला सांगितलं, "काढ. विकायचं तर वीक. पन माहं नाव टाकू नको. ओळखनारा ओळखंल. अन् मॅनेजरले मी सांगीन, पन तो ऐकनार नाई. त्याले कोनाचं ऐकायची सवय नाई."

तसंच झालं. मॅनेजरनं आपले पोस्टर दुसऱ्या दुकानाला दिले. मालक मला म्हणाला, "चित्रं कर नाईतर नोकरी कर." मी नोकरी सोडली. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माय मात्र माझ्या बाजूनं जोरात भांडली, आणि बाबांची उत्तरं तिला ऐकू येत नसल्यामुळे ते भांडण लवकर संपलं.

आता कार्डं नीट छापून घ्यायची होती. भंडाऱ्याला एक छपाईवाला तयार झाला. पहिल्या नमुन्यात माझा पोपटी बेडूक तलावातल्या शेवाळासारखा काळपट आला. "स्क्रीनवर वेगळं दिसते, छापून असंच येते," तो म्हणाला. फ्लेक्सच्या दुकानात मी हेच वाक्य गिऱ्हाइकांना सांगायचे. मी घरी गेले, रंग बदलला, परत आले. बेडूक पिवळा आला, काविळीसारखा. पुन्हा गेले. मग तो हिरवा आला, पण घडी घातली की बरोबर पोटावर रंग फुटून पांढरी रेघ दिसायची. मी बेडूक अर्धा इंच उजवीकडे सरकवला आणि घडी घालण्याआधी तिथं रेघ दाबून घ्यायला लावली. छपाईवाला वैतागून म्हणाला, "एवढं कोन पायते?" मी म्हटलं, "माही माय पायते." तिला तेवढंच करता येतं आता, पाहणं, आणि ती फार बारीक पाहते.

आमच्याच गावच्या मंडईत बांगड्यांच्या दुकानाशेजारी मी सतरंजी अंथरली. दोरीवर चिमट्यांनी कार्डं लावली. लोक थांबले. हसले. एकमेकांना दाखवून हसले, मोबाईलमध्ये फोटो काढले आणि पुढे गेले. दुपारपर्यंत तसंच चाललं. पण उठायचं नाही हे ठरलेलं होतं. मी रंगाची पेटी उघडली आणि नुसतं बसण्यापेक्षा एका कार्डाच्या आत बांगड्यावाल्या काकूंची बकरी काढली, कारण ती समोरच बांधलेली होती. काकूंनी पाहिलं. "अवो, हे तर माहीच! हिचा कान फाटलेला काढला!" ते कार्ड त्यांनी तुमसरला दिलेल्या लेकीसाठी घेतलं.

मग रांग लागली. कार्ड छापील, पण आत तुमच्या घरचं काहीतरी मी तिथंच हातानं काढून द्यायची. कुणाचा ट्रॅक्टर, कुणाची टपरी, कुणाच्या आजोबांची लुना. एक बाई म्हणाली, "माह्या पोराचा चष्मा काढ, तो हैदराबादले आहे." एवढंच. मी चष्मा काढला. तिनं तो बराच वेळ पाहिला आणि कार्ड पदराखाली धरून गेली.

आता दर वर्षी मी मंडईच्या हंगामात गावोगाव जाते. पवनीला, लाखनीला, जिथं जमेल तिथं. छापलेली कार्डं बाकीच्या सणांना पोस्टानंही जातात. मॅनेजर अजून मला पाहून तोंड फिरवतो. सगळीकडे खप सारखा नसतो, कधी अख्खा दिवस फुकट जातो, आणि बाबा अजूनही अधूनमधून सरकारी भरतीची जाहिरात माझ्या ताटाशेजारी ठेवतात. मी ती वाचते आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागते.

माय माझ्यासोबत असते. मी चित्रं काढते, ती विकते. कुणी म्हणालं, "बाई, थोडं कमी करा ना," तर ती प्रसन्न चेहऱ्यानं मान डोलावते आणि पूर्ण पैशांसाठी हात पुढे करते. परवा एका माणसानं तीनदा भाव केला, मग हातवारे करून केला, मग हसून पूर्ण पैसे दिले. तो गेल्यावर मी तिला खुणेनं विचारलं, की खुणासुद्धा कळल्या नाहीत का.

"समजल्या ना," माय म्हणाली. "पन मी बहिरी आहो हे त्याले मालूम होतं. मंग कायले समजून घेऊ?"

आणि तिनं दोरीवरची रिकामी जागा भरायला पुढचा गठ्ठा सोडला.