कॅमेऱ्यातला आतेभाऊ

मी गावची पोलीस पाटील आहे. खाकी नाही, काठी नाही. गावात कोण नवं आलं, कुठं भांडण पेटलं, याची खबर ठाण्याला द्यायची, एवढंच काम. भांडगावच्या पुढं हायवे सोडून आत वळलं की आमचं गाव. विहिरींवरच्या मोटारी आणि केबली चोरीला जायला लागल्या तेव्हा ग्रामपंचायतीनं फाट्यावर कॅमेरे बसवले. त्यांचं चित्र ठाण्यात दिसतं, तसं माझ्या मोबाईलवरही दिसतं. ते ॲप सुरू झालं त्या दिवशी मी जेवायचं विसरून फाटा बघत बसले होते. कोण कुणाच्या गाडीवर बसलं, कुणाच्या पिशवीत काय आलं. मला ते आवडलं, हे आधीच सांगून टाकते.

ठाण्यातल्या बैठकीत साहेबांनी बजावलं होतं की हे फक्त गुन्ह्याच्या कामाला वापरायचं, लोकांच्या घरगुती गोष्टींत नाक खुपसायचं नाही. मी पुढच्या रांगेत बसून जोरजोरात मान हलवली होती. पण माझ्या मोबाईलवर फाटा दिसतो, हे गावात लपून राहिलं नाही. एकाची शेळी हरवली, ती मी शोधून दिली. मग एक आई आली, पोरगं कॉलेजला गेलं का बघा म्हणाली. निवडणुकीच्या आधी एका पुढाऱ्यानं विचारलं, विरोधकांच्या वस्तीकडं कुणाकुणाच्या गाड्या वळतात. तेही सांगितलं. सगळ्यांचं वाक्य एकच असायचं, 'जरा बघून सांगा की.' इतकं साधं वाक्य, त्याला नाही कसं म्हणायचं?

गावातली एक सून रांजणगावला कंपनीत जायची. माझ्याच माहेरची, शिरूरकडची, म्हणून मला अक्का म्हणायची. सासऱ्याची परवानगी मिळवायला तिला वर्ष घालवावं लागलं होतं. संध्याकाळी कंपनीची बस तिला फाट्यावर सोडायची. गळ्यातलं कंपनीचं कार्ड ती घराच्या दारापर्यंत काढत नसे. मी तिला चिडवायचे, झोपताना तरी काढतेस का गं?

एके दिवशी तिची बस चुकली आणि ती मोटारसायकलवरून आली. कुणीतरी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे सासरे माझ्याकडं आले. आम्ही त्यांना आबा म्हणतो.

"पाटीलबाई, काल आमची सून कुणाच्या गाडीवरनं उतारली, जरा बघून सांगा की."

चोरी झाली का आबा, एवढं तरी मी विचारायला हवं होतं. मी मोबाईल काढला. गाडी थांबली, ती उतरली, ओढणी सारखी केली, त्याच्या कुठल्याशा बोलण्यावर हसली आणि गावाकडं चालू लागली. आबा म्हणाले, परत दाखवा. मी परत दाखवलं. मग माझी मीच चित्र बोटांनी मोठं केलं, चेहरा दिसावा म्हणून. चेहरा ओळखीचा निघाला आणि मला हायसं वाटलं.

"काय बी काळजी करू नका आबा. आतेभाऊच हाय तिचा."

मी 'भाऊ'वर जोर दिला होता. आबांनी 'आते' ऐकलं. आमच्याकडं मामाच्या पोरीवर आत्याच्या पोराचा पहिला हक्क धरतात, ठरवून लग्नं होतात. हिलाही आत्यानं मागितलं होतं. दिली नाही म्हणून रुसून आत्या लग्नात मांडवात आलीच नव्हती. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्या लग्नात मी जेवले होते. चुलतभाऊ किंवा मावसभाऊ असता तर आबा चहा पिऊन गेले असते. शहाणपणा करून मी नेमकं तेच नातं त्यांच्या हातात दिलं.

"व्हय का," आबा हळूच म्हणाले. "एवढं माझ्या मोबाईलवर धाडा."

आणि मी धाडलं. वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणवलं नाही, असं मी स्वतःला समजावते. ते खोटं आहे. माझ्याकडं असं काहीतरी होतं जे गावात दुसऱ्या कुठल्याच बाईकडं नव्हतं, आणि ते वापरायची मला चटक लागली होती.

त्यानंतर सकाळची बस फाट्यावर थांबायची आणि तिला न घेताच निघून जायची. न राहवून मी त्यांच्या घरी गेले. ती मागच्या अंगणात कांदा निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही. बाजेवर बसलेल्या आबांना मी म्हणाले,

"आबा, बस चुकली आसंल, त्यानं आणून सोडलं. त्यात काय एवढं?"

"मी कुठं काय म्हंतो? तुम्हीच दाखिवलं, तुम्हीच नातं सांगितलं. माझा पोरगाबी ते बघून बसलाय. आता ऱ्हाऊ द्या तिला घरी."

पुरावा माझाच होता. मी परत आले.

परवा दुपारी ती फाट्यापलीकडं माझ्या घरी आली. गळ्यात कार्ड नव्हतं. कंपनीनं या आठवड्यापुरती जागा ठेवली आहे, म्हणाली, पण आता कोण जाऊ देतंय. ती वेगळ्याच कामाला आली होती.

"अक्का, तेवढं पुसून टाका. सगळ्या सोयऱ्यांत फिरतंय. आत्याच्या पोराची सोयरीक मोडायला आलीय. मी हसले व्हते ना, तेवढंच लोक परत परत बघत्यात."

मला रडू आलं, आणि तरीही तोंडातून साहेबांच्या भाषेत उत्तर आलं.

"ते माझ्या हातात न्हाई गं. पुसायचं म्हंजी ठाण्यात अर्ज द्यावा लागतो. कारण लिहावं लागतं."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं.

"आबांनी दिला व्हता का अर्ज?"

"न्हाई," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि उठली. मी पाणी विचारलं, नको म्हणाली. मी दारापर्यंत गेले, मग आत येऊन बसले. फाट्यावर पोचल्यावर तिनं ओढणी तोंडावरून घेतली आणि कॅमेऱ्याखालून भराभर निघून गेली. हे मी माझ्या घरात बसून, मोबाईलवर पाहिलं.