आत्याचं रजिस्टर आणि मी न बघितलेली पानं

आत्या परवा गेली. तिच्याबद्दल झाशीत जी एक गोष्ट सांगतात ती खोटी आहे, आणि ती माझ्यामुळे पसरली.

त्याच दिवशी गल्लीतले मेडिकलवाले भैया दारात भेटले. म्हणाले, "बुआजी बड़ी ज्ञानी थीं, बिटिया. बस आखिर में दिमाग थोड़ा साथ छोड़ गया था."

आत्याला अजून न्यायचं होतं, ती आतल्या खोलीतच होती. आणि मी मान डोलावली.

म्हणून लिहितेय. मराठीत, कारण हिंदीत मेसेज केला की ती उत्तरच द्यायची नाही. माझं मराठी जसं आहे तसं चालवून घ्या.

आत्या रेल्वेत क्लार्क होती. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर लोक चारधामला जातात, हिने खासदाराचा पिच्छा पुरवला.

संसदेत तो काय बोलला, कुठला प्रश्न विचारला, उत्तर काय मिळालं, मत कुणीकडे दिलं, सगळं एका लांबलचक रजिस्टरात. खासदार बदलले, पक्ष बदलले, रजिस्टर तेच.

मताचा रकाना मात्र बहुतेक रिकामा असायचा. मी एकदा विचारलं.

"अगं, बरीचशी बिलं आवाजी मतदानानं पास होतात. कोण हो म्हणालं, कोण नाही, त्याची नावं कुणी लिहीत नाही. मग मी कुठून लिहू?"

"पक्षाच्या बाजूनंच दिलं असणार ना. लिहून टाक."

"अंदाजच लिहायचा तर रजिस्टर कशाला? दिसलं नाही म्हणजे नाही असं नसतं, पिंकी."

इलेक्शन आलं की तिच्या ओट्यावर माणसं यायची. पत्रकार फोन करायचे. दोन्हीकडचे कार्यकर्ते चहा पिऊन जायचे, आणि दोघंही जरा नाराज होऊनच जायचे. आत्याला यातच समाधान.

मग तिचे डोळे अधू झाले. स्क्रीन वाचता येईना. तेव्हा हे काम माझ्याकडे आलं. मी पुण्यात, लॅपटॉपवर. ती फोनवर सांगणार, मी बघणार.

त्या वर्षी झाशीजवळ बबीनाच्या रस्त्यावरच्या रेल्वे फाटकाचा विषय पेटला होता. तिथे पूल हवा म्हणून लोक मागे लागले होते. आत्याचा फोन आला.

"खासदारांनी पुलावर काही सवाल विचारलाय का बघ. मंत्रालय निवडू नकोस हं. नावानं शोध, आणि सगळी पानं बघ."

मैत्रिणी खाली गाडीत हॉर्न वाजवत होत्या. संसदेची साइट रडतखडत चालली होती. लवकर उरकावं म्हणून मी मंत्रालय निवडलं. रेल्वे. फाटक म्हणजे रेल्वे, त्यात काय बघायचं? शून्य आलं.

"एकही नाही, आत्या."

"सगळी पानं बघितलीस?"

"हो गं."

जेमतेम पाच मिनिटांचं काम होतं. मी ते केलं नाही.

पुढच्याच आठवड्यात खासदार लोकांना भेटायला आले. भरल्या सभेत आत्या उभी राहिली. मी तिथे नव्हते, बाबांनी नंतर सगळं सांगितलं.

"सांसद जी, इस पुल पर आपने सदन में एक भी सवाल नहीं पूछा."

खासदारांच्या शेजारच्या माणसाने फोन काढला. प्रश्न होता. उत्तरही होतं. फाटकापलीकडची जमीन लष्कराची, म्हणून तो संरक्षण मंत्रालयाला विचारलेला.

लोक हसले. आत्याने तो फोन डोळ्यांपाशी नेऊन पूर्ण वाचला. बराच वेळ लागला म्हणे, आणि लोक हसतच होते.

मग म्हणाली, "गलती मेरी है. माफ़ी चाहती हूँ."

खासदार भला माणूस. हात जोडून म्हणाले, "अरे बुआजी, कोई बात नहीं. उमर है."

उमर है. हे दोन शब्द गल्लीभर झाले. इतकी वर्षं जिची एक नोंद कुणाला खोडता आली नव्हती, ती एका संध्याकाळीत म्हातारी ठरली.

तिने मला एकदाच विचारलं. रागावून नाही.

"पिंकी, सगळी पानं बघितली होतीस ना?"

तेव्हा तरी खरं बोलायचं होतं मी.

"हो आत्या. साइटनंच उशिरा टाकलं असेल."

"असेल," ती म्हणाली. मग विचारलं, जेवलीस का.

त्यानंतर फोन आले, पण संसदेचं नाव नाही. मला बरंच वाटलं. सुटले असं वाटलं. लाज वाटते लिहिताना.

ती सायबर कॅफेवाल्याकडून सगळ्या पानांच्या प्रिंट काढून आणायची आणि भिंग लावून वाचायची. एका प्रश्नाला एक सकाळ. पुढच्या इलेक्शनला ओट्यावर कुणी आलं नाही. तिने चहाची भांडी काढून ठेवली होती, असं बाबा म्हणाले.

काल रात्री रजिस्टर उघडलं. शेवटच्या रकान्यात ती कुणी तपासलं ते लिहायची. पानंच्या पानं "पिंकीने पाहिले". मग त्या दिवसापासून "स्वतः पाहिले", मोठ्या वाकड्या अक्षरांत.

पुलाच्या पानावर त्या रकान्यात कागदाची पट्टी चिकटवलेली आहे. उजेडात धरलं की खाली माझं नाव दिसतं. वर तिने लिहिलंय, "स्वतः पाहिले. चूक माझी."

आत्याचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. झाशीतल्यांनो, एवढं सांगा सगळ्यांना. मेडिकलवाल्या भैयांना मी स्वतः जाऊन सांगणार आहे.

आत्या, तुला शेवटचा नमस्कार. तुझ्या अख्ख्या रजिस्टरात एकच नोंद खोटी आहे, आणि ती तू माझ्यासाठी केलीस.