अम्मींचं मटण आणि माझा कूलर

माझी फजिती मी माझ्याच तोंडानं सांगायला बसलोय, म्हणजे बघा माझी छाती केवढी आहे! हसायचं तर खुशाल हसा. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. डब्बा बरोबर होता. मशीनमध्ये काडीची खोट नव्हती. आजही अमडापुरात येऊन कुणी विचारलं तर मी हेच सांगीन, आणि विचारणारे काय कमी आहेत?

माझं कूलर-पंप दुरुस्तीचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर. शेजारी रशीद राहतो. त्याच्या आईला अख्खी गल्ली अम्मी म्हणते, मीही म्हणतो. दर बकरी ईदला अम्मी आपल्या वाट्याच्या मटणातलं तीनेक किलो बाजूला काढतात. बोटाएवढ्या पट्ट्या कापतात, मीठ, हळद, तिखट चोळतात आणि गच्चीवर दोरी बांधून कडक उन्हात वाळवतात. चार दिवसांत पट्ट्या अशा कडक होतात की टेबलावर आपटल्या तर आवाज येतो. मग पावसाळ्यात भिजवून वांग्यात शिजवल्या की... जाऊ द्या. चहाच्या वेळी तुमची भूक कशाला चाळवू!

त्यातली एक वाटी दरवर्षी माझ्याकडं येते. माझी बायको कुंदा मटण खात नाही. म्हणजे वाटी एकट्याची. आता कळलं ना मी एवढा जीव का टाकतो?

त्या वर्षी ईद झाली आणि आभाळ आलं. पाऊस नाही, ऊनही नाही. नुसतं दमट. अम्मी ओट्यावर डोक्याला हात लावून बसलेल्या.

"काय झालं अम्मी?"

"काय सांगू बेटा! शबानाले सातवा लागला. तोंडाले काही चवच नाही तिच्या. दुसरबीडवरून रोज फोन करते, अम्मी, मले बाकी काई नको, तुझ्या हातचं सुकं मटण पाठव. रशीद येत्या शनिवारी जाऊन राह्यला तिच्याकडं. अन् हे आभाळ पाह्य! मटण सडून जाईन माह्यं."

शबाना म्हणजे अम्मींची लेक, दुसरबीडला दिलेली. माझ्या डोळ्यासमोर वाढलेली पोर. पहिलं बाळंतपण, आणि डोहाळे कशाचे, तर या मटणाचे! मी काय गप्प बसणार?

"अम्मी, उन्हाची गरजच काय? मटण कायनं वाळते? गरम हवेनं. अन् हवा म्हणजे माह्यं खातं!"

"बेटा, मटण हाय ते. पंप नाई."

"तुमी पट्ट्या कापा. बाकीचं माह्याकडं लागलं!"

दुकानात एक जुना पत्र्याचा कूलर पडला होता. त्याचं तिन्ही बाजूंचं गवत काढून टाकलं आणि माशा येऊ नयेत म्हणून बारीक जाळी ठोकली. आत सळया आडव्या बसवल्या. मागच्या बाजूला पत्र्याच्या टोपीखाली मोठे पिवळे बल्ब लावले. पंखा होताच. बल्बची गरम हवा पंखा ओढणार, मटणावरून नेणार आणि बाहेर फेकणार. सांगा, यात चूक कुठं आहे? दाखवा!

खाली पाण्याची टाकी आणि तिच्यातला छोटा पंप तेवढा तसाच ठेवला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा कूलर करून विकायचा होता. टाकी कोरडी ठणठणीत, पंप काय करणार बिचारा? पंखा आणि पंप एकाच बटणावर होते, तेही तसंच राहू दिलं.

बुधवारी मटण आत गेलं. हा कूलरचा डब्बा दुकानासमोरच्या ओट्यावर ठेवला. लोकांनी बघायला नको? लोक आले की मी झाकण उघडून दाखवायचो. कुणी काही सुचवायला लागलं की म्हणायचो, "मशीनीतलं तुमाले काय समजते?" कुंदालाही हेच ऐकवलं. अम्मींनाही, पण जरा आदरानं.

गुरुवारी पट्ट्या आक्रसल्या. शुक्रवारी सकाळी एक वाकवून पाहिली तर कडक! अम्मींनी हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाल्या, "वा रे बेटा! आज संध्याकाळी काढू." त्या दिवशी माझी चालच बदलली होती. समोर गणपतराव भाजीवाले बसतात. त्यांना मी मुद्दाम दोनदा जाऊन सांगितलं.

दुपारी बारा वाजता मी बाजारपेठेत एक पंखा दुरुस्त करायला गेलो. तीन वाजता परत आलो आणि झाकण उघडलं.

आत पाऊस चालू होता!

बाहेर थेंब नाही आणि माझ्या डब्ब्यात धो धो! टाकी काठोकाठ भरलेली. दोन दिवस कोरडा फिरूनही न जळलेला माझा पंप इमानदारीनं पाणी वर चढवतोय, खाली गवत नाही म्हणून ते सरळ मटणावर पडतंय. पट्ट्या टम्म फुगून, पांढऱ्याफटक होऊन झोके घेतायत. बटण बंद केलं. शबानाचा चेहरा डोळ्यासमोर आला. तिला आता काय सांगायचं?

पण पुढच्याच क्षणी डोकं तापलं. कुणीतरी पाणी टाकलं होतं! माझ्या मशीनवर जळणाऱ्यानं!

पहिला संशय कुंदावर. तिला मटणाचा वास सहन होत नाही.

"कुंदा! डब्ब्यात पाणी कोणं टाकलं?"

ती डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले काऊन इचारता? मशीनीतलं मले काय समजते?"

ही नाही, असं मी ठरवलं. हिच्यात एवढी हिंमत नाही. आता उरलं कोण? ज्याच्याजवळ दिवसभर पाण्याची बादली असते तो! मेथी-कोथिंबिरीवर शिपके मारणारा! मी तडक रस्ता ओलांडला. गणपतरावांसमोर चार गिऱ्हाइकं उभी होती. मला काय त्याचं?

"गणपतराव, माह्या मशीनीत बादलीभर पाणी ओतलं तुमी! शबाना पोटुशी हाय, तिच्या तोंडचा घास हिसकावला. लाज नाही वाटत?"

रस्त्यावरचे लोक थांबले. गणपतरावांनी शांतपणे वांगी तोलली, पिशवीत टाकली, हात पुसले.

"मिस्त्री, बादली माहीच होती. हे खरं हाय."

"पाह्यलं? कबूल केलं!" मी गल्लीकडं वळून ओरडलो.

"पण ते तुमीच नेली."

"मी?"

"हाव, तुमी. बाराच्या आधी. फोन कानाले होता. कोण्या गिऱ्हाइकावर ओरडून राह्यले होते, का कोरडा कूलर चालवू नको, पंप जळन, आधी पाणी टाक, पाणी! बोलता बोलता बादली उचलली, तुमच्या डब्ब्यात ओतली. मंग हापशावरून अजून दोन आणल्या."

फोन आठवला. रोहिणखेडचा माणूस होता, त्याचा पंप आवाज करत होता. वीस वर्षं झाली हेच सांगतोय लोकांना, आधी पाणी टाका. तोंड तिकडं सांगत होतं आणि हातांनी इकडं ऐकलं! आता मला सांगा, यात माझी चूक काय? हातांची आहे.

"अन् तुमी पाहत बसले?" मी गणपतरावांवरच चढलो. "हटकलं काऊन नाही?"

"मले वाटलं, मटण वाफेवर घेऊन राह्यले."

मागून कुंदाचा आवाज आला, "मी इचारलं होतं, हे काय करून राह्यले? तुमी मलेच बोटानं गप म्हणलं."

गल्ली हसली. मी हसलो नाही. गणपतरावांची माफी मागायला पाहिजे होती, पण मला ते जमत नाही. मी त्यांची राहिलेली सगळी मेथी विकत घेतली. आठ दिवस आमच्या घरी दुसरी भाजी नव्हती.

तेवढ्यात अम्मी आल्या. मी मात्र त्यांच्यासमोर मान खाली घातली. "अम्मी, तुमचं मटण माह्या हातानं गेलं."

त्यांनी एक पट्टी काढली, दाबली, वास घेतला, पुन्हा दाबली. "गेलं कुठं? आजच भिजलं, वास नाही काई नाही. सुकं मटण शिजवायच्या आधी भिजवाच लागते." आणि तिथूनच ओरडल्या, "रशीद! गाडी काढून ठेव. उद्या कायले, आजच जाय!"

दीड तासात मटण वांग्यात शिजून, डब्यात भरून दुसरबीडच्या रस्त्याला लागलं. रशीद गेला आणि मी ओट्यावर बसून राहिलो. शबानाला आवडलं नाही तर? जेवण गेलं नाही मला. मेथीच होती, तरी सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मी स्वतः दुकानात आल्या. डोळ्यात पाणी, चेहऱ्यावर हसू.

"पोरीनं दोन भाकरी खाल्ल्या बेटा! महिन्याभरात पहिल्यांदा. म्हणते, अम्मी, एवढं नरम तर तुझ्या हातचं बी कधी लागलं नाही!"

झालं! माझी मान परत वर. मी कुंदाला हाक मारली, गणपतरावांना हात करून बोलावलं, सगळ्यांसमोर म्हटलं, "आइकलं? म्हणत होतो ना मी, मशीन पक्की हाय!"

"हाव बेटा, पक्की हाय," अम्मी म्हणाल्या. "म्हणून मी ठरवलं. पुढच्या ईदले मटण मी माह्या दोरीवर वाळवीन. अन् भिजवाले तुह्याकडं पाठवीन."

तुम्हाला वाटेल मी ओशाळलो. कशाला?

"पाठवा अम्मी," म्हटलं. "पण दोन दिवस आधी सांगत जा. सीझनमधी मले टाइम नसते."