संज्ञा मॅडम

संज्ञा हे काही त्यांचं नाव नव्हतं. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला त्या आम्हाला कथा आणि साहित्यातल्या संज्ञा शिकवायच्या. कथानक, निवेदक, वातावरण, उपरोध. कुणीतरी त्यांना संज्ञा मॅडम म्हणायला लागलं आणि तेच नाव पडलं. नवी मुलं ते खरं नाव समजून हजेरीच्या वेळी 'संज्ञा मॅडम, प्रेझेंट' म्हणायची. त्या ओठ दाबून हसत आणि पुढचं नाव घेत.

पुस्तकातली व्याख्या म्हणून दाखवणाऱ्याला त्या मधेच थांबवायच्या. परीक्षा जवळ आली की उजळणीच्या तासाला पुस्तक टेबलावर पालथं ठेवायच्या आणि विचारायच्या, "कथानक म्हणजे काय?" एखादा मुलगा 'घटनांची कार्यकारणभावाने केलेली जुळणी' असं धडाधड म्हणायला लागला की हात वर करायच्या. "हे तुला समजलंय का? आठवडी बाजारात उभं राहून कुणाला सांगता येईल असं सांग."

मुलगा डोकं खाजवायचा. "मॅडम, एक झालं म्हणून दुसरं झालं."

"हां! ते 'म्हणून' सापडलं की कथानक सापडलं. बस."

मी ताडकळसहून एसटीनं पूर्णेला कॉलेजात यायची. वडिलांची गावात पिठाची गिरणी. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच, आणि माझ्यामागं एक बहीण बारावीला. उजळणी सुरू असतानाच एका संध्याकाळी माझी बस लवकर येईना. वर्गातला पिंगळीचा एक मुलगा आपली गाडी यायला वेळ आहे म्हणून स्टँडवर थांबला होता. आम्ही दोघं बाकड्यावर बसून एकमेकांना संज्ञा विचारत बसलो. कुणीतरी पाहिलं. गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्यांच्या तोंडून ही गोष्ट वडिलांपर्यंत पोचली तेव्हा तिच्यात सिनेमा होता, हॉटेल होतं, आणि मुलगा रोजचाच झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील एवढंच म्हणाले, "आज मी येतो कॉलेजात. टी.सी. काढायची." आई चुलीकडं तोंड करून बसली होती, ती वळली नाही. बसमध्ये माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि वडील समोर बघत होते.

ऑफिस अजून उघडायचं होतं. मला घेऊन ते थेट वर्गाच्या दारात आले. मॅडमचा तास चालू होता. "बसा आत," त्या म्हणाल्या, "तास संपला की बोलू." वडील शेवटच्या बाकावर बसले, टोपी मांडीवर घेऊन.

त्या दिवशीच्या कथेत नवरा परगावी गेलेली एक बाई होती. गाव तिच्याबद्दल बोलत राहतं, आणि ती मात्र कथेत एक अक्षर बोलत नाही.

"ही गोष्ट कोण सांगायलंय?" मॅडमनी विचारलं.

"गाव," वर्ग म्हणाला.

"गावानं काय पाहिलं?"

मुलं पानं उलटायला लागली. पाहिलेलं काहीच सापडेना. सगळं 'म्हणे', 'ऐकलंय', 'दिसली असेल'. मॅडम म्हणाल्या, "निवेदक कोण हाय ते आधी विचारा. मग विश्वास ठेवायचा का न्हाई ते ठरवा."

वडील का आले आहेत हे त्यांना माहीत होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. तास संपल्यावर वडील उठले. "पोरीची टी.सी. पायजे मॅडम."

"का हो?"

"लोक लय बोलायलेत."

"पाहिलं कुणी?"

वडील घुटमळले. "दळणाला आलता एकजण. त्याला दुसऱ्यानं सांगितलं."

"आणि पोरीला विचारलं?"

वडिलांनी टोपीची कड चाचपली. मग माझ्याकडं वळले. गोष्ट कानावर आल्यापासून पहिल्यांदाच. "काय करायलतीस गं स्टँडवर?"

"उपरोधाची व्याख्या पाठ करायलते, बाबा."

"मग सांग की," मॅडम म्हणाल्या. मी रडत रडत सांगितली. बोलायचं एक, अर्थ निघतो उलटा. पुस्तकातली नव्हती ती, माझ्या शब्दांतली होती. वडिलांना त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक. ते "बरं" म्हणाले आणि टोपी डोक्यावर घातली. परतीच्या बसमध्ये निम्मी वाट सरल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "त्या बाईचं पुढं काय झालं?"

"गाव सोडावं लागलं तिला."

टी.सी.चा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

निकाल सुट्टीत लागला. मी मराठीत वर्गात पहिली आले. वडिलांनी गिरणी बंद करून हात पुसले. "मॅडमला फोन लाव," म्हणाले. मी लावून दिला. त्यांनी फोन कानाला दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाले, "मॅडम, पोरगी पहिली आली. धाकटी पण बारावी झाली. तिलाबी तुमच्याकडंच घालतो."

फोनमधला आवाज मला ऐकू आला. "घाला की. जरूर घाला."

कॉलेज उघडल्यावर आम्ही तिघं प्रवेशासाठी गेलो. वडिलांनी पेढ्यांचा पुडा बरोबर घेतला होता. ऑफिसातल्या क्लार्कनी सांगितलं, मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. कायमची जागा भरली गेली आणि परीक्षा संपताच त्यांचे तास बंद झाले. आता त्या लेकीकडं लातूरला असतात.

म्हणजे फोनवर बोलताना त्यांना सगळं माहीत होतं.

वडील पुडा हातात धरून खिडकीपाशी उभे राहिले. बहिणीनं माझ्याकडं पाहिलं, मी वडिलांकडं. मग त्यांनी पुडा क्लार्कसमोर ठेवला आणि बहिणीला म्हणाले, "भर फॉर्म. मॅडम घाला म्हणल्यात."