निपाणीहून देवळं बघायला आलेली माणसं

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे मला लहानपणापासून ऐकवलं गेलंय. आईनं ऐकवलं, सासूनं ऐकवलं, हेडमास्तरांनी तर माझ्या निरोप समारंभाच्या भाषणातही हसत हसत ऐकवलं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. इतिहास शिकवणाऱ्या बाईनं तोंड मिटून बसायचं, तर शिकवायचं काय? पण तीन वर्षांमागं याच तोंडानं मी एका पोरीचं ठरत आलेलं लग्न मोडलं, आणि तेही तिचं कौतुक करताना. पुढं जे झालं ते लग्न मोडण्याहून वाईट होतं.

रिटायर झाल्यावर घरात बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं, म्हणून मी लोकांना फिरवायला सुरुवात केली होती. एक गाडी, एक कुटुंब, एक दिवस. सकाळी बेळगावचा किल्ला आणि आतलं कमल बस्ती हे जैन देऊळ, तिथून खानापूरमार्गे हलशीची देवळं, मग जांबोटीवरून कणकुंबी, आणि उजेड शिल्लक असेल तर चोर्ला घाटाच्या तोंडापर्यंत. गाडी बेळगावजवळच्या कंग्राळीतल्या एका ड्रायव्हरची. तो माझा जुना विद्यार्थी, इतिहासात दोनदा नापास झालेला, आणि ही गोष्ट तो प्रत्येक गिऱ्हाइकाला अभिमानानं सांगतो.

मी थापा मारत नाही, याचा मला भारी तोरा होता. बाकीचे लोक कुठल्याही पडक्या भिंतीतलं भोक दाखवून हे भुयार थेट पन्हाळ्याला निघतं म्हणून सांगतात आणि टाळ्या घेतात. मी आपलं माहीत आहे तेवढं सांगते, नसेल तर माहीत नाही म्हणते. खरं ते सांगायचं, कुणाला आवडो न आवडो. हे मी इतक्या वर्षांत इतक्या पोरांच्या डोक्यात घातलं की माझ्या स्वतःच्याही डोक्यात ते दगडासारखं बसलं होतं.

दिवाळी होऊन गेली होती. निपाणीहून फोन आला. तंबाखूच्या व्यापारातलं जुनं घर. नवरा, बायको आणि पुण्याहून आलेला बायकोचा भाऊ. या भावाला जुनी देवळं बघायची फार हौस आहे, असं बाईंनी सांगितलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. निपाणीची माणसं बेळगावला दवाखान्याला येतात, कोर्टाला येतात, बस्ता बांधायला येतात. गाईड ठरवून कमल बस्ती बघायला कुणी येत नाही. आणि हौशी म्हणवणारा भाऊ तर बस्तीच्या छतातलं ते दगडी कमळ मी दाखवत असताना खाली मान घालून फोनवर बोटं फिरवत होता. पुण्याचा माणूस, असेल मोठा, म्हणून मी सोडून दिलं.

हलशीला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. एकाच देवळात समोरासमोर दोन गाभारे कसे, हे मी समजावून सांगितलं. नवरा हूं हूं करत होता. दर्शन झाल्यावर बाहेर झाडाखाली बाईंनी डबे सोडले. धपाटी, शेंगदाण्याची चटणी, दही. मला अगदी आग्रहानं वाढलं. आणि मग, किती सहज, त्या म्हणाल्या की एवढी वर्षं शिकवलंत, तुमच्या हाताखालची पोरं आता कुठं कुठं पोचली असतील. शिक्षकाला असं विचारणं म्हणजे बैलापुढं पेंडीची पाटी ठेवणं. मी सुरूच झाले. हा सैन्यात, ती नर्स, तो गोव्यात. मधेच बाईंनी विचारलं की कंग्राळीकडची एक मुलगी आमच्या निपाणीत बँकेत आहे म्हणे, ती पण तुमचीच का?

माझीच. माझ्या सगळ्या नोकरीत अशी पोरगी मला दुसरी मिळाली नाही.

आमच्या भागात लग्नाआधी चौकशी करतात आणि ती कधी सरळ करत नाहीत. मुलीच्या घरी विचारून काय कळणार? किराणावाल्याला विचारतात, शाळेत विचारतात, बसच्या कंडक्टरला विचारतात. ज्याला विचारायचं त्याला आपल्याला विचारलं जातंय हे कळता कामा नये, ही त्यातली खरी कला. मी काही या कलेत अडाणी नव्हते. माझ्या भाचीच्या वेळी सांबरा गावातल्या पिठाच्या गिरणीत मी तासभर दळण घेऊन बसले होते, मुलाच्या घरी दारू आहे का ते काढायला. आणि तीच मी, धपाट्याचा तुकडा हातात धरून, समोरच्या बाईला सगळं सांगत बसले. कौतुकाच्या भरात अक्कल गहाण पडली, दुसरं काय.

मी सांगितलं की ही पोरगी नववीत असताना तिच्या आईचं डोकं फिरलं. बाई रात्रंदिवस कुणाशी तरी बोलायची, शेतात निघून जायची, जेवायची नाही. बापानं कपाळाला हात लावला. तेव्हा ही चौदा वर्षांची पोर आईला धरून पहाटेच्या बसनं धारवाडच्या मनोरुग्णालयात न्यायची. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून माझ्या विषयाचा अभ्यास करायची. दुसऱ्या दिवशी वर्गात हजर. दहावीला शाळेत पहिली आली. आईला तिनं माणसांत आणलं, आता बाई दोन म्हशी सांभाळते, घर बघते, रोजची एक गोळी तेवढी चालू आहे.  अशी लेक देवानं प्रत्येकीला द्यावी, असंसुद्धा मी म्हणाले.

ड्रायव्हर मधेच खोकला आणि उशीर होतोय म्हणाला. मी त्याला गप्प बस म्हणून दटावलं.

गाडी निघाली. जांबोटी गेलं, रान दाट झालं. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मी मलप्रभेचा उगम दाखवायला उतरले, तर बाई गाडीतूनच हात जोडून बसल्या. घाटाच्या तोंडाशी धुकं होतं, दरीतलं काही दिसत नव्हतं. तिथं त्या भावानं दिवसभरातला पहिला प्रश्न विचारला. देवळाबद्दल नव्हता. असले आजार पुढच्या पिढीत उतरतात का, असं त्यानं विचारलं.

 निपाणी, बँक, डबे, पुण्याहून आलेला मुलाचा मामा, सगळं एकदम लक्षात आलं. मग मी सारवासारव करायला लागले. आजार तसा साधाच होता म्हणाले. आता काही त्रास नाही म्हणाले. डॉक्टरांनीच सांगितलंय म्हणाले, जे मला कुठल्याच डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाला थाप मारली आणि तीही धड जमली नाही. जितकं लिंपत गेले तितकी भेग मोठी दिसायला लागली. बाई शेवटी माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "असू दे हो बाई. तुम्ही खरं सांगितलंत, लई उपकार झाले."

त्यांना बेळगावात त्यांच्या गाडीपाशी सोडलं. ड्रायव्हर मला घेऊन घराकडं निघाला. मग म्हणाला, "बाई, ती देवळं बघायला आलती व्हय?" 

पंधरा दिवसांनी त्याच्याकडूनच कळलं. पत्रिका जुळत नाही असा निपाणीहून निरोप आला होता. मुलगा त्याच बँकेतला, दोघांनी आपसांत ठरवलेलं, घरच्यांनी होकाराची मान हलवलेली, फक्त सुपारी फुटायची बाकी होती. आणि आता तो मुलगा फोन उचलत नव्हता.

पहिले दोन दिवस मी त्या निपाणीवाल्यांवर चिडून काढले. कसली माणसं ही, बँकेत लागलेली गुणी पोरगी सोडतात आणि गोळी धरून बसतात. मग माझी बाजू मांडली, स्वतःशीच. मी काही खोटं बोलले नाही. कधीतरी कळलंच असतं. लग्नानंतर कळलं असतं तर पोरीचे हाल झाले असते. सगळं बरोबर होतं, आणि तरी पटत नव्हतं. कारण ते सांगायचं होतं तर तिनं सांगायचं होतं, तिच्या वेळेला, तिच्या शब्दांत. ती तिची गोष्ट होती आणि मी ती धपाट्याबरोबर वाटून टाकली. याला दुसरं नाव नाही. मी तिचा घात केला.

रविवारी मी कंग्राळीला गेले. आई अंगणात म्हशीला वैरण टाकत होती. मला बघून तिनं पदर सारखा केला, चहा ठेवते म्हणाली आणि आत गेली ती बाहेर आलीच नाही. पोरगी मला परसात घेऊन गेली. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं की तुझं लग्न मी मोडलं, हलशीत बसून.  ती म्हणाली की त्या मुलाला तिनं पहिल्याच वर्षी सगळं सांगितलं होतं. घरी मी हळूहळू सांगतो, असं तोच म्हणाला होता, आणि त्यानं दोन वर्षं सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, मला शिव्या तरी दे. ती म्हणाली, "तुम्ही खोटं सांगितलं असतं तर मी भांडायला तरी आले असते बाई. खरं सांगितलासा. आता मी काय बोलू?"

मग आवाज खाली आणून तिनं पुढचं सांगितलं. निरोप आला त्या संध्याकाळी बाप आईवर ओरडला होता. तुझ्या येडापायी पोरगी घरात बसली, असं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आई काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिनं गोळी बंद केली होती, कुणाला न सांगता. पोरीला ती पाकिटं म्हशीच्या गोठ्यात, कोंड्याच्या पोत्यामागं सापडली. विचारल्यावर आई म्हणाली, गोळी घेते म्हणून लोक येडी म्हणतात. गोळीच नसली तर कोण म्हणंल? पोरीनं विनवलं, धमकावलं, दुधातून द्यायचा प्रयत्न केला. आईनं दूध पिणंच सोडलं.

महिनाभरात ती परत निघून जायला लागली. एकदा रेल्वेच्या रुळांजवळ सापडली, एकदा भर बाजारात एका अनोळखी बाईला धरून, माझी पोरगी चांगली आहे, आमच्या घरात कुणी आजारी न्हाय, असं सांगत होती. तेव्हा पोरीनं रजा टाकली आणि धारवाडला न्यायचं ठरलं. बसनं नेणं आता शक्य नव्हतं. मी आमच्या ड्रायव्हरला सांगितलं. तो काही न विचारता सकाळी सहाला दारात उभा राहिला. मी पण येते म्हटलं. नको म्हणायचं त्राण पोरीत उरलेलं नव्हतं. बाप दारातच थांबला. म्हशींना कोण बघणार, म्हणाला.

पोरगी पुढं बसली. मागं आई आणि मी. आईनं नवं लुगडं नेसलं होतं, केस चापून बांधले होते. कुणी बघितलं असतं तर लग्नघरी निघालेली बाई वाटली असती. हायवेला लागल्यावर ती शांत झाली आणि खिडकीतून बघत राहिली. कित्तूरचा फाटा आला. माझ्या जिभेला सवयच अशी, की किल्ल्याचं गाव आलं की ती वळवळते. त्या दिवशी मी दात आवळून बसले होते.

फाटा मागं पडला आणि आई माझ्याकडं वळली. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. हात खरखरीत होते आणि गरम. तापासारखे गरम. ती पोरीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू बोलत होती, पण बोलणं अगदी ताळ्यावर होतं, इतकं ताळ्यावर की मला वाटलं आपण गाडी वळवून हिला घरीच न्यावं.

"बाई, तुम्ही गाडीतनं लोकांस्नी फिरवून दावता न्हवं?" तिनं विचारलं. "लई माणसं भेटत असतील तुम्हांस्नी. निपाणीची, कोल्हापूरची."

मी मान हलवली.

"मग कुणी माझ्या पोरीचं इचारलं, तर आई मेली म्हणून सांगा. ल्हानपणीच मेली म्हणावं. तुमचं लोक खरं मानत्यात."

तिला कुणी सांगितलं होतं का, की निपाणीवाल्यांना सांगणारी मीच होते? मला आजही माहीत नाही. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, टोमणा नव्हता. ती माझ्याकडं काम घेऊन आलेल्या माणसासारखी बघत होती. असं बोलू नये, तू बरी होशील, असं काहीतरी मी पुटपुटले. ते तिनं ऐकलंच नाही. तिला तेवढं एकच हवं होतं.

"सांगाल न्हवं?"

मी "सांगते" म्हणाले, तेव्हा कुठं तिनं माझा हात सोडला.